दहा मिनिटे द्या, मूळ फाइल द्या

प्रति,
माहिती व जनसंपर्क अधिकारी, मंत्र्यांचे विशेष कार्य अधिकारी व स्वीय सहायक, आणि सरकारी कार्यालयांच्या भांडार शाखा

विषय: नेत्यांची अधिकृत छायाचित्रे काढणे, छापणे व लावणे याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

कोणत्याही सरकारी कचेरीत साहेबांच्या खुर्चीमागची भिंत एकदा नीट पाहावी. एका फ्रेममधला चेहरा निळसर पडलेला असतो, दुसऱ्यातला आडवा ताणल्यामुळे गुबगुबीत झालेला असतो, तिसऱ्यात कानाच्या कडेने जुन्या पार्श्वभूमीची हिरवी रेघ राहिलेली असते. नेता एकच, पण तीन कचेऱ्यांत त्याचे तीन रंग. दोष छापणाऱ्यावर येतो, तो फोटोग्राफरकडे बोट दाखवतो आणि फोटोग्राफर म्हणतो, साहेब उभेच राहिले नाहीत. तिघांचेही थोडेथोडे खरे असते. आम्ही फोटो काढणारे, लॅब चालवणारे आणि फ्रेम बांधणारे लोक आहोत. आमचे मागणे एवढेच: फोटो काढायला नेत्याची सलग दहा मिनिटे द्या, आणि छापणाऱ्याच्या हाती मूळ फाइल द्या. ही दोन्ही का हवीत, तेच पुढे मांडले आहे.

दहा मिनिटे नेत्याची. त्याआधीचे दोन तास आमचे, आणि ते कोणी मोजत नाही. चर्चिलचे जगभर गाजलेले छायाचित्र यूसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावात कॅनडाच्या संसदेत काढले. चर्चिलच्या तोंडातला सिगार त्यांनी काढून घेतला आणि तेवढ्यात बटण दाबले, हा किस्सा सर्वांना पाठ असतो. पण दिवे आणि कॅमेरा सभापतींच्या दालनात आदल्या रात्रीच लावून ठेवले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. ती तयारी नसती तर सिगार ओढून काढूनही हाती काही लागले नसते. आपल्याकडे मात्र फोन येतो की साहेब खाली उतरताहेत, जिन्यातच घ्या.

जिन्यात होत नाही. खोली किमान १५ फूट रुंद आणि २५ फूट लांब हवी, छत १० फूट. पडद्यापासून खुर्ची पाच-सहा फूट पुढे, खुर्चीपासून कॅमेरा आठ ते दहा फूट. खुर्ची पडद्याला चिकटली की मागे सावली पडते आणि पडद्याचा रंग मानेवर, कानांवर उतरतो. भगव्या किंवा हिरव्या पडद्यासमोर काढलेल्या फोटोत पांढऱ्या कुर्त्याची कड रंगीत दिसते ती यामुळेच. पडदा मध्यम राखाडी ठेवावा. पांढरा मुळीच नको, कारण हा फोटो पुढे फ्लेक्सवर कापून लावला जाणार हे ठरलेले आहे, आणि पांढऱ्यावरून पांढरा कुर्ता कापताना खांदा निम्मा जातो.

कॅमेरा आठ फुटांवर का, हेही सांगतो. मोबाइलने दोन-तीन फुटांवरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. हा भिंगाचा दोष नाही, अंतराचा आहे: नाक कॅमेऱ्याच्या जितके जवळ, तितके ते कानांच्या मानाने मोठे. म्हणून लांब उभे राहायचे आणि ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग लावायचे. बराक ओबामांचे जानेवारी २००९ चे अधिकृत छायाचित्र हे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले पहिले अधिकृत छायाचित्र. पीट सूझा यांनी ते १०५ मिलिमीटरवर, भिंगाचे छिद्र एफ १० ला ठेवून, १/१२५ सेकंदात, आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १०० वर घेतले. तो कॅमेरा होता कॅननचा ५डी मार्क टू. आज कोणत्याही जिल्ह्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडे त्याहून नवा कॅमेरा असतो. अडते ते कॅमेऱ्यावाचून नाही.

आता मुख्य अडचण, म्हणजे पांढरे कपडे. आपल्या नेत्यांचे अर्धे कपाट पांढरे असते. स्वच्छ पांढरे सुती कापड त्यावर पडलेला ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते. गव्हाळ त्वचा साधारण पाव हिस्सा, सावळी त्याच्याही निम्म्याने. म्हणजे एकाच उजेडात कुर्ता चेहऱ्यापेक्षा दोन ते तीन स्टॉप उजळ (दर स्टॉपला उजेड दुप्पट). कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप समोरचा सगळा पांढरेपणा पाहून उजेड कमी करते आणि चेहरा काळवंडतो. मग संगणकावर बसलेला माणूस चेहरा वर ओढतो, त्यात राखाडी दाणा येतो आणि त्वचा खडू फासल्यासारखी दिसते. 'फोटोत साहेब आजारी दिसतात' ही तक्रार दहापैकी नऊ वेळा इथून सुरू होते.

उपाय साधा आहे. उजेड चेहऱ्यापाशी हातातल्या मीटरने मोजायचा, कॅमेऱ्याच्या मताने नाही. मुख्य दिवा चार फुटी ऑक्टाबॉक्समध्ये (उजेड मऊ करणारी अष्टकोनी कापडी पेटी), नेत्यापासून पाच फुटांवर, एका बाजूला ४५ अंशांत, डोळ्यांपेक्षा दीड-दोन फूट वर. त्याचा मध्य नेत्याच्या छातीवर न रोखता थोडा पुढे वळवायचा, म्हणजे चेहऱ्यावर दिव्याचा मऊ काठ येतो. दिवा आणि छाती यांच्यामध्ये एक काळे कापड किंवा काळा बोर्ड असा धरायचा की कुर्त्यावरचा उजेड एखाद्या स्टॉपने कापला जाईल आणि चेहऱ्याला धक्का लागणार नाही. दुसऱ्या बाजूने पांढरा बोर्ड, किंवा दीड स्टॉप कमी ठेवलेला दुसरा दिवा. छिद्र एफ ८, वेग १/१२५. एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान; एफ ८ अशासाठी की नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सगळे रेखीव राहावे. लग्नाच्या फोटोंत शोभतो तसा एफ १.८ चा धूसरपणा इथे चालत नाही, कारण फ्रेम तीन फुटांची झाली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट हे लगेच दिसते. छपाईसाठी तयार केलेल्या फाइलीत कुर्त्याचा सर्वांत उजळ भाग २५५ पैकी २४० च्या आसपास थांबावा (० म्हणजे काळे, २५५ म्हणजे कोरे पांढरे). त्यापुढे गेला की कापडाची वीण जाते आणि कागद कोरा राहतो.

कुर्ता निळा येण्याची तक्रारही नेहमीची. धुण्याच्या पावडरीतली उजळवणारी द्रव्ये फ्लॅशमधला अतिनील प्रकाश शोषतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. त्यात घरी नीळ घातलेली असली तर विचारूच नका. फोटोग्राफर हा निळेपणा काढायला सगळा फोटो पिवळा करतो आणि चेहरा काविळीचा होतो. म्हणून रंगाचा समतोल राखाडी कार्डावर धरायचा, कुर्त्यावर कधीच नाही. नंतर फक्त कापडातली निळी छटा उतरवायची. अतिनील प्रकाश अडवणारे लेपन असलेल्या फ्लॅश ट्यूब मिळतात, त्या असल्या तर हे काम निम्मे होते.

गांधी टोपी दिव्याच्या सर्वांत जवळ येते, त्यामुळे ती आधी जळते. वरच्या बाजूने काळा फडका तिच्यासाठीच धरायचा. फेट्याचे उलटे आहे. फेटा कपाळावर सावली टाकतो, म्हणून दिवा अर्धा फूट खाली आणायचा आणि छातीच्या उंचीवर पांढरा बोर्ड आडवा धरायचा. पैठणीच्या जरीवर बाजूचा दिवा पडला की काठ पांढरा फटक होतो, तिथे दिवा अधिक समोर घ्यावा. बारीक चौकड्यांच्या खादी जाकिटावर इंद्रधनुषी लाटा उमटतात, कारण कापडाची वीण आणि सेन्सरची (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागाची) जाळी एकमेकींत अडकतात. लहान पडद्यावर त्या दिसत नाहीत, म्हणून पहिल्या दोन फोटोंनंतर प्रतिमा शंभर टक्के मोठी करून जाकीट पाहायचेच. लाटा असल्या तर फूटभर मागे सरका किंवा एफ १६ लावा. तरीही राहिल्या तर जाकीट बदला. त्यासाठी दुसरे, साधे जाकीट बरोबर ठेवायला आदल्या दिवशी स्वीय सहायकांनी सांगायला हवे.

चष्मा. काचेत दिवा दिसतो तेव्हा बहुतेक जण नेत्याला मान वळवायला सांगतात आणि पोज बिघडवतात. त्याऐवजी दिवा आणखी वर आणि बाजूला न्यावा, आणि चष्म्याच्या काड्या कानांवरून तीन-चार मिलिमीटर उचलाव्यात. काच किंचित खाली झुकते, दिव्याचे प्रतिबिंब गळ्याकडे उतरते आणि समोरून काही कळत नाही. काचा काढलेली रिकामी फ्रेम घालण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नये. उणे नंबराच्या काचेतून डोळे लहान दिसतात, लोकांना नेता तसाच पाहण्याची सवय असते. रिकाम्या फ्रेममध्ये डोळे एकदम मोठे होतात आणि 'काहीतरी वेगळे वाटते' असे शेरे येतात. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर नेते बाहेरून आल्यावर पाच-सात मिनिटे थांबावे लागते, आणि आपल्या दहा मिनिटांतली ती निम्मी जातात. साध्या काचांचा जोड आणून ठेवा.

घामाला टिपकागद, पावडर नव्हे. बारीक सिलिका असलेली पावडर आणि काही सनस्क्रीन फ्लॅशमध्ये पांढरे डाग दाखवतात. खोली तासभर आधी थंड करून ठेवावी.

प्रत्यक्ष दहा मिनिटांत काय होते? नेते येण्याआधी त्यांच्याच उंचीचा, तशाच पांढऱ्या कपड्यांतला एक जण खुर्चीत बसवून उजेड पक्का केलेला असतो. पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते. पहिले मिनिट कॉलर, पदर, पेन आणि खिशातला फुगलेला मोबाइल यांचे. पुढची चार उभ्या चौकटीची, छातीपर्यंत: खांदे थोडे वळलेले, चेहरा कॅमेऱ्याकडे, हनुवटी किंचित पुढे आणि मग खाली. 'हसा' म्हणू नये, ओठ हसतात आणि डोळे राहतात. नेत्यांना बोलते ठेवावे आणि वाक्य संपल्या क्षणी बटण दाबावे. नंतर दोन मिनिटे आडव्या चौकटीची, दोन्ही बाजूंना मजकुरासाठी मोकळी जागा सोडून. मग दोन मिनिटे डावीकडे पाहताना आणि उजवीकडे पाहताना. शेवटचे राष्ट्रध्वजासह. कॅमेऱ्यात दोन कार्डे, दोन्हींवर एकाच वेळी नोंद. बंदोबस्तात रेडिओ ट्रिगर (फ्लॅश बिनतारी पेटवणारी यंत्रे) दगा देऊ शकतात, म्हणून तारेची सिंक केबल बरोबर हवीच. आणि आत नेण्याच्या साहित्याची यादी, दिव्यांच्या स्टँडवर टाकायच्या वाळूच्या पिशव्यांसह, सुरक्षा शाखेकडे आदल्या दिवशी गेलेली असावी. त्या पिशव्या ऐनवेळी दारात उघडून तपासायला लागल्या की काय होते, ते त्यांच्या चौकीवरच्या फरशीवर दिसते.

डावीकडचा आणि उजवीकडचा असे दोन्ही का घ्यायचे, याला ठोस कारण आहे. जाहिरात मांडणारा नेत्याचे तोंड मजकुराकडे वळावे म्हणून फोटो आरशासारखा उलटा करतो. मग जाकिटाची बटणपट्टी उलट्या बाजूची होते, छातीवरचा बिल्ला आणि वरचा खिसा उजवीकडे जातो, भांग बदलतो, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर येतो. ध्वज असला तर चूक नुसती विनोदी राहत नाही. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे व्यासपीठावर ध्वज काठीवर असेल तर तो श्रोत्यांकडे तोंड केलेल्या वक्त्याच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे फोटोत आपल्या डाव्या बाजूला. अधिकृत छायाचित्रातही तोच पाळावा. भिंतीवर उभा लावलेला ध्वज असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डावीकडे. फोटो उलटला की दोन्ही चुकतात. तेव्हा दोन्ही दिशांचे फोटो आधीच देऊन ठेवले की उलटवण्याची गरजच राहत नाही.

रीटचिंगबद्दल, म्हणजे काढलेल्या फोटोच्या साफसफाईबद्दल, आमचे मत स्पष्ट आहे आणि ते काहींना आवडणार नाही. आठवड्यात जाणारी गोष्ट काढावी: पुटकुळी, कपाळावर चिकटलेला केस, कुर्त्यावरचा धागा, सेन्सरवरची धूळ. जी जात नाही ती ठेवावी: सुरकुत्या, तीळ, जुना व्रण, कोड, पिकलेले केस. त्वचेचा रंग उजळ करून देणार नाही, हे फोटोग्राफरने आणि खात्याने दोघांनी मिळून म्हणावे. एकट्या फोटोग्राफरला ते म्हणणे परवडत नाही. शिवाय लोक नेत्याला रोज टीव्हीवर पाहतात, भिंतीवरचा गोरा माणूस त्यांना ओळखू येत नाही. दोन फोटो जोडून एक करणे तर नकोच. डिसेंबर २०१५ मध्ये पत्र सूचना कार्यालयाने पंतप्रधानांच्या चेन्नईतील पूरपाहणीचे असे जोडचित्र प्रसिद्ध केले, ते मागे घ्यावे लागले आणि दिलगिरीही व्यक्त करावी लागली. आता तर एका बटणावर एआय चेहरा 'सुधारून' देते. ते सुधारत नाही, जे नाही ते भरते: दातांची रांग, पापण्या, त्वचेची छिद्रे सगळी दुसऱ्याच कोणाची.

आता फाइल. इथे सर्वांत जास्त नुकसान होते आणि ते थांबवायला एक रुपयाही लागत नाही. मंत्र्यांच्या कार्यालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला फोटो व्हॉट्सॲपवरून जातो. साध्या पाठवण्यात त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १२ बाय १८ इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायचा तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. १६०० पिक्सेलमध्ये १८ इंच भरायचे म्हणजे इंचाला ८९ ठिपके. वर तो तीनदा उतरवून नव्याने पाठवलेला, प्रत्येक वेळी पुन्हा दाबलेला. लॅबवाला मग धार वाढवतो आणि केसांभोवती पांढरी कड येते. हाच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला असता तर जसाच्या तसा पोहोचला असता.

त्याहून बरे म्हणजे खात्याच्या संकेतस्थळावर एक पान. त्यावर प्रत्येक नेत्याच्या चार फाइली, कोणालाही परवानगी न मागता उतरवून घेता येतील अशा. पहिली छपाईची: पूर्ण आकाराची, २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची ४००० बाय ६००० येते तशी, कमीत कमी दाबलेली जेपेग. दुसरी पडद्यासाठी, २००० पिक्सेलची. तिसरी वृत्तपत्रासाठी: वृत्तपत्राचा कागद शाई पितो आणि चेहरा काळा पडतो, म्हणून मधल्या छटा आधीच उचललेली, चारही रंग मिळून शाई २४० टक्क्यांच्या आत ठेवलेली. चौथी पार्श्वभूमी काढलेली पीएनजी, केसांची कड हाताने साफ केलेली. या चौथ्या फाइलीवाचून राज्यातला प्रत्येक फ्लेक्सवाला आपापल्या हाताने कान कापतो. वीस फुटी फ्लेक्सला सहा हजार पिक्सेल म्हणजे इंचाला २५ ठिपकेच मिळतात, पण रस्त्यापलीकडून पाहायला ते पुरतात. तेव्हा 'फ्लेक्ससाठी वेगळी मोठी फाइल द्या' हा हट्ट कोणी करू नये.

लोकांना द्यायच्या पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या फाइलीचा रंगप्रोफाइल (आकड्यांचा रंग कसा दाखवायचा ते सांगणारी नोंद) एसआरजीबी, म्हणजे बहुतेक पडद्यांना समजणारा, असावा आणि तो फाइलीत जोडलेला असावा. ॲडोबी आरजीबीमधली फाइल प्रोफाइल गाळून उघडली की चेहरा मातकट दिसतो आणि कुंकू विटकरी होते. मूळ १६ बिटची टिफ (तपशील न गमावणारी मोठी फाइल) खात्याच्या संग्रहात ठेवावी, दोन वेगळ्या ठिकाणी. फाइलीच्या आतल्या माहितीत नाव, पद, दिनांक, फोटोग्राफर आणि हक्कधारक देवनागरी युनिकोडमध्ये भरावेत. 'सीएम फायनल नवीन २' या नावाच्या फाइली प्रत्येक लॅबच्या संगणकात आहेत. कोणत्या सीएमच्या, ते उघडल्यावर कळते.

आकार एकदा ठरवून बदलू नये. फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षांचा फोटो गावोगावच्या नगरपालिकांत लावण्याची रीत आहे. २००७ मध्ये निकोला सार्कोझींचा फोटो आधीच्यांपेक्षा वेगळ्या मापाचा निघाला आणि जुन्या चौकटी निकामी झाल्या. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांचा शपथविधी २० जानेवारी २०१७ ला झाला, अधिकृत छायाचित्र ऑक्टोबरच्या शेवटी आले, तोवर सरकारी इमारतींतल्या कितीतरी फ्रेमा रिकाम्या. आपल्याकडे रिकामी फ्रेम कोणी ठेवत नाही. गूगलवर सापडेल तो फोटो छापून लावतात, आणि अधिकृत फोटो आल्यावरही तोच राहतो. म्हणून फाइली शपथविधीच्या दिवशीच संकेतस्थळावर जायला हव्यात.

छपाई आणि फ्रेमचे थोडक्यात, पण यात कोकण आणि विदर्भ यांना एक नियम लावू नका. फोटो काचेला टेकता कामा नये. मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची आतली चौकट) किंवा कडेने बारीक पट्टी हवी. दमट हवेत फोटोचा थर काचेला चिकटतो आणि नंतर ओढला की चेहराच काचेवर राहतो. मागे एमडीएफ (लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा बोर्ड) लावले की ते ओल धरते, वाळवी आणि कसर दोन्ही येतात. मागची बाजू कागदी टेपने बंद करून खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी गुंड्या लावल्या की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. पश्चिमेच्या खिडकीसमोर फ्रेम नको. साध्या डाय शाईचा किंवा स्वस्त व्हिनाइलचा फोटो उन्हात पिवळा आणि किरमिजी रंग आधी गमावतो आणि निळा उरतो. पत्राच्या सुरुवातीचा निळसर चेहरा तो हाच. पिगमेंट शाई (रंगाच्या बारीक कणांची, उन्हात अधिक टिकणारी) मागावी, तसे निविदेत लिहावे. नुसते 'उत्तम प्रतीचा फोटो' लिहिले की सर्वांत स्वस्त तोच उत्तम ठरतो. फ्रेम दोन खिळ्यांवर टांगावी, एकावरची हमखास कलते. खुर्चीमागे सात फुटांवर लावताना वरची कड थोडी पुढे झुकवली की ट्यूबलाइट काचेत दिसत नाही. जयंतीच्या दिवशी काचेवर थेट पाणी किंवा क्लीनर मारू नये, ते खालच्या कडेतून आत शिरते; कापडावर मारून पुसावे. ताज्या फुलांचा हार त्याच संध्याकाळी उतरवावा.

जयंतीवरून आठवले. दिवंगत नेत्यांचे फोटो तर आणखी दैन्यात आहेत, कारण बहुतेक ठिकाणी पुस्तकातून काढलेल्या फोटोचा फोटो असतो आणि छपाईचे ठिपके चेहऱ्यावर उतरलेले असतात. मूळ प्रत सापडली तर ती फ्रेममधून काढून सपाट स्कॅनरवर इंचाला ६०० ते १२०० ठिपक्यांच्या घनतेने, १६ बिटमध्ये स्कॅन करावी. काचेसकट स्कॅन केल्यास रंगीत वलये येतात. पण फोटो काचेला चिकटला असेल तर मात्र काचेसकटच करावा, सोलायला जाऊ नये. कृष्णधवल आहे ते कृष्णधवल राहू द्यावे. फेट्याला रंग कोणता होता हे माहीत नसताना तो भरणे म्हणजे इतिहासात आपला एक कोपरा घालणे, आणि पुढची पिढी तोच खरा धरते.

कायद्याचे दोनच मुद्दे, कारण ते तुम्हांला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१५ रोजी सरकारी जाहिरातींत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्या छायाचित्रांना मुभा दिली. १८ मार्च २०१६ च्या निर्णयाने त्यात राज्यपाल, मुख्यमंत्री, आणि पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्यांच्या ऐवजी संबंधित खात्याचे मंत्री आले. 'ऐवजी' हा शब्द मांडणी करणाऱ्याला कोणी सांगत नाही, म्हणून तो सगळ्यांना घालतो आणि प्रत्येक चेहरा टपाल तिकिटाएवढा होतो. दुसरे, निवडणूक आचारसंहिता लागली की मंत्र्यांचे फोटो उतरवावे लागतात, राष्ट्रपती, राज्यपाल आणि राष्ट्रीय नेत्यांचे राहतात. तेव्हा काचेवर डिंकाने कागद चिकटवू नका. फ्रेम उतरवा, पाठीला पाठ लावून उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नाही.

आणि फोटोग्राफरचे नाव. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांची छायाचित्रे त्यांनी काढली, २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे मात्र पतीच्या नावाने छापली जात. आजही अधिकृत फोटोखाली बहुधा फक्त खात्याचे नाव असते. सरकारसाठी काढलेल्या फोटोचा हक्क वेगळा करार नसेल तर सरकारचा, हे मान्य आहे. पण कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार त्याने संपत नाही, कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ तो देते. नाव लिहिले की आणखी एक सोय होते: फोटो बिघडलेला दिसला तर कोणाला विचारायचे ते कळते.

एवढे सगळे मान्य झाले तरी पहिली पायरी लहानशीच आहे. पुढच्या शपथविधीच्या दिवशी कार्यक्रमस्थळाशेजारची एक खोली, वर दिलेल्या मापाची, पंधरा ॲम्पिअरचे दोन सॉकेट असलेली, सकाळी सात वाजता उघडी हवी. किल्ली कोणाकडे असते, तेवढे आदल्या दिवशी कळवावे.

आपले,
फोटो काढणारे, छापणारे व फ्रेम करणारे आम्ही काही जण